सेवाग्रामच्या मातीच्या भिंती



ताजमहाल पाहावयास मनुष्य आग्र्यास जातो, लेणीं पाहावयास वेरुळास जातो. वर्ध्यास तो एक मातीची झोपडी पाहावयास येतो. आगगाडींतून उतरावें, आठ किलोमीटरांचा रस्ता तोडून सेवाग्रामास यावें, पादत्राणें बाहेर ठेवावीं, किंचित् वांकून बापूकुटींत शिरावें आणि पांच-दहा मिनिटांनीं बाहेर यावें, असा बहुतेक प्रवाशांचा क्रम असतो. बाहेर आल्यावर पुष्कळांच्या चेहऱ्यावर एक प्रश्न उमटलेला दिसतो. वडील मंडळी तो संकोचानें ओठांवर येऊं देत नाहींत. परंतु बरोबरच्या मुलांस तसला संकोच नसतो. "एवढेंच?" असें तीं मोकळेपणीं विचारतात.

मुलांचा हा प्रश्न रास्त आहे आणि त्यास नीट उत्तर मिळालें पाहिजे. ज्या घरांत कोरीव खांब नाहींत, कमान नाहीं, संगमरवराचा तुकडा नाहीं, त्या घरांत पाहावयाचें तें काय? आजच्या भाषणांत याच प्रश्नाचा थोडा विचार करावयाचा आहे. मात्र कुटीपर्यंत जाण्यापूर्वीं वाटेवरचें वर्धा शहर ओलांडलें पाहिजे. कारण त्या शहराची हकीकत समजल्यावांचून कुटीची हकीकत समजत नाहीं.

वर्धा जिल्हा १८६२ सालीं नागपूर जिल्ह्यापासून वेगळा करण्यांत आला आणि वर्धा शहर हें इंग्रजी अमदानींत आंखून वसविण्यांत आलें. त्यामुळें किल्ला, तटबंदी, जुनी वेस यांचा शोध करणाऱ्यास येथें निराशाच पदरीं घ्यावी लागते. या शहराचा मोठेपणा विसाव्या शतकांतला आहे, आणि त्याचें बरेंचसें श्रेय शेठ जमनालाल बजाज या एका गृहस्थास द्यावें लागतें. शहराच्या वस्तींत लक्ष्मीनारायणाचें मंदिर आहे. तें बजाज घराण्यानें बांधलें. १९२८ सालच्या जुलै महिन्यांत जमनालालजींनीं या मंदिराचीं दारें अस्पृश्य मानलेल्या बांधवांस उघडीं करून दिलीं. नाशिकास काळारामाच्या दारापुढें १९३० सालीं सत्याग्रह मांडावा लागला, ही गोष्ट मनांत आणली म्हणजे त्या वेळीं असें दार उघडण्यास किती धैर्य लागलें असेल याची कल्पना येते. प्रवाशानें या मंदिराच्या शिखराइतकेंच लक्ष त्याच्या उंबरठ्याकडे द्यावें.

तेथून जवळच मगनवाडी आहे. १९३४ सालच्या डिसेंबरांत वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. त्या संघासाठीं जमनालालजींनीं आपला बगीचा दिला, आणि गांधीजींचे सहकारी कै. मगनलाल गांधी यांचें नांव त्यास देण्यांत आलें. जे. सी. कुमारप्पा यांच्यासारख्या विद्वान् अर्थशास्त्रज्ञानें येथें बसून तेलघाणी, हातकागद, मधमाशा या साध्या गोष्टींचा कसून अभ्यास केला. ३० डिसेंबर १९३८ रोजीं गांधीजींच्या हस्तें उघडलेलें मगन संग्रहालय आजही येथें आहे. संग्रहालय म्हटलें म्हणजे राजेरजवाड्यांच्या तलवारी आणि मुकुट आपल्या डोळ्यांपुढें येतात. येथें मात्र चरखे, घाणी आणि खेड्यांतल्या कारागिरांची अवजारें मानानें मांडलेलीं आहेत.

याच मगनवाडींतून गांधीजी १९३६ सालीं सेगांव नांवाच्या खेड्यास राहावयास गेले. ३० एप्रिल रोजीं ते प्रथम तेथें आले आणि जूनमध्यें, पावसाच्या तोंडावर, कायमच्या वस्तीस गेले. त्या वेळीं त्यांना सदुसष्टावें वर्ष चालू होतें. सेगांवांत पक्की सडक नव्हती. एकदां पाऊस लागला कीं काळ्या मातीचा चिखल गाडीच्या चाकास सोडीत नसे. गांवांत हिवताप होता, आणि त्याच वर्षीं खुद्द गांधीजींनाही त्यानें गांठलें. सापविंचवांचा सुळसुळाट होता. साप न मारतां पकडून दूर सोडण्यासाठीं वापरीत तो लाकडी चिमटा आश्रमांत अजून पाहावयास मिळतो. पुढें बुलढाणा जिल्ह्यांतील शेगांव आणि हें सेगांव यांच्या टपालाची गल्लत होऊं लागली, म्हणून १९४० सालीं या खेड्याचें नांव सेवाग्राम असें ठेवण्यांत आलें.

गांधीजींनीं या गांवीं राहण्यास जाण्यापूर्वीं एक अट घातली होती. त्यांच्यासाठीं जें घर बांधावयाचें, तें त्याच परिसरांत मिळणाऱ्या वस्तूंचें असावें, गांवच्याच मजुरांनीं बांधावें, आणि त्यावर अगदीं थोडा खर्च व्हावा. त्या अटीप्रमाणें जें पहिलें घर उभें राहिलें तें आदिनिवास. एकच लांबट दालन आणि भोंवतीं पडवी. या एका दालनांत गांधीजी, कस्तुरबा, प्यारेलाल आणि येणारे-जाणारे पाहुणे असे सारे एकत्र राहत. सरहद्दीकडील खान अब्दुल गफार खान येथेंच राहिले आणि आपल्या विदर्भाचे संत तुकडोजी महाराज यांनींही येथेंच मुक्काम केला. प्रत्येकाच्या वांट्यास जमिनीवरची एक चटई येई.

आज जिला बापूकुटी म्हणतात ती मुळांत गांधीजींसाठीं बांधलेली नव्हती. इंग्रज नौसेनाधिकाऱ्याची कन्या मॅडेलिन स्लेड, म्हणजेच आपल्या मीराबेन, यांनीं ती स्वतःसाठीं बांधविली होती. त्या गांधीजींच्या आधींच या गांवीं येऊन राहिल्या होत्या. आदिनिवासांत गर्दी वाढली तेव्हां गांधीजी या कुटींत राहावयास आले आणि तिच्यांत थोडी वाढ करण्यांत आली. मातीच्या भिंती, लांकडाचे आणि बांबूचे वासे, वर कुंभारी कवेलू, शेणानें सारवलेली जमीन, ठेंगणें दार आणि बसल्या माणसाच्या डोळ्यांशीं येईल अशी खिडकी, एवढाच या कुटीचा पसारा. भिंतींवर ताडाचीं झाडें आणि ॐकार यांची उठावदार आकृति आहे. ती मीराबेननीं ओल्या मातींत हातानें काढलेली. या घरांत दागिना म्हणून काय तो एवढाच आहे, आणि तोही मातीचाच.

या खोलींत चटईवर बसून देशाचा कारभार चाले. व्हाइसरॉयांशीं तातडीनें बोलतां यावें म्हणून सरकारनें आश्रमांत दूरध्वनि बसविला होता; तोही जपून ठेवलेला आहे. १९४२ सालच्या जुलैंत काँग्रेसची कार्यकारिणी वर्ध्यास भरली आणि १४ जुलै रोजीं तिनें इंग्रजांनीं हा देश सोडावा असा ठराव केला. त्यानंतर महिन्याभराच्या आंत मुंबईस 'छोडो भारत' चा घोष झाला. एका साम्राज्याला निरोप देण्याचा विचार जेथें पक्का झाला, त्या घराच्या भिंती सरकारी दप्तराच्या भाषेंत कच्च्या होत्या!

शेजारींच आखरी निवास आहे. तो मुळांत जमनालालजींनीं स्वतःसाठीं बांधला होता. पुढें आजारपणामुळें गांधीजी तेथें राहिले, आणि १९४६ सालच्या ऑगस्टांत तेथूनच जे बाहेर पडले ते पुनः परतले नाहींत. जवळच परचुरे कुटी आहे. परचुरे शास्त्री हे संस्कृताचे पंडित. त्यांना महारोग जडला होता. ज्या रोग्याची सांवलीही लोक टाळीत, त्याला गांधीजींनीं आपल्या कुटीशेजारीं घर दिलें आणि स्वतःच्या हातांनीं त्याचें अंग चोळून दिलें. कस्तुरबांची कुटी, महादेवभाई देसायांची कुटी, किशोरलाल मश्रूवाल्यांचें घर, हीं सर्व याच आवारांत थोड्या थोड्या अंतरावर आहेत.

आणि या सर्वांच्या मध्यें आश्रमाचें देवालय आहे. मात्र प्रवासी तें पाहूनही न पाहिल्यासारखा पुढें जातो, कारण त्यास भिंत नाहीं, छप्पर नाहीं, मूर्ति नाहीं. वाळूगोट्यांनीं आंथरलेलें एक मोकळें अंगण, आणि कडेला १९३६ सालीं गांधीजींनीं लावलेला पिंपळ. पहांटे आणि संध्याकाळीं येथें सर्व धर्मांची प्रार्थना होते. जेथें कोणासच बाहेर ठेवावयाचें नाहीं तेथें दार कशाला हवें, असाच जणूं हा हिशेब आहे. लक्ष्मीनारायणाच्या मंदिराचें दार उघडण्यापासून निघालेला रस्ता या बिनदाराच्या प्रार्थनाभूमीपाशीं येऊन पोंचतो, असें म्हटल्यास तें चूक होणार नाहीं.

येथवर इतिहास झाला. परंतु मुलाच्या प्रश्नाचें उत्तर अजून द्यावयाचें राहिलें आहे. तें उत्तर इतिहासापेक्षां या भिंतींच्या मातींत अधिक आहे.

मातीची भिंत बांधणें हें अडाण्याचें काम आहे असा एक समज आहे. तो खरा नाहीं. वर्धा जिल्ह्याची जमीन मुख्यत्वें काळी. ही काळी माती कापसाला उत्तम, परंतु घराला शत्रुवत्. पाणी पिऊन ती फुगते आणि उन्हाळ्यांत आटून रुंद भेगा देते. अशा मातीची भिंत एका वर्षांत तडकून जाईल. म्हणून जुने लोक शेताला काळी आणि वस्तीला पांढरी असा भेद करीत. पांढरी म्हणजे गांवठाणाची माती. ती न फुगणारी, चिकट आणि बारीक. या मातींत गव्हाचें कुटार किंवा पेंढा मिसळून, पाणी घालून ती पायांनीं तुडवावी लागते, आणि कांहीं दिवस मुरूं द्यावी लागते. कुटाराच्या काड्या मातीला आंतून धरून ठेवतात आणि वाळतांना भेग पडूं देत नाहींत. मग दगडी जोत्यावर थरावर थर चढवावयाचे; एक थर वाळल्यावांचून दुसरा चढवावयाचा नाहीं. वरून माती आणि शेण यांचें लिंपण, आणि शेवटीं पांढऱ्या मातीचा पोतारा.

अशी जाड भिंत वर्ध्याच्या उन्हाळ्यांत, जेव्हां पारा पंचेचाळीस अंशांच्याही वर जातो तेव्हां, आपलें खरें मोल दाखविते. दिवसभराची उष्णता ती आपल्या अंगांत साठवून घेते आणि ती आंत येऊं लागते तों रात्र झालेली असते. भर दुपारीं बापूकुटींत पाऊल टाकणारा प्रवासी आपोआप एक सुस्कारा सोडतो तो भक्तीचा असेल, तितकाच तो गारव्याचाही असतो!

परंतु या भिंतीला दोन हाडवैरी आहेत. एक पाऊस आणि दुसरी वाळवी. मृगापासून हस्तापर्यंतची झड तिरकी येऊन भिंतीवर आदळते आणि तिचें अंग धुऊन नेते. म्हणून खेड्यांत पावसाच्या आधीं पश्चिमेच्या अंगाला तुराट्यांचा ताटवा किंवा शिंदीच्या पानांचा झांप बांधतात, कवेलू चाळून फुटकीं बदलतात, आणि पाऊस सरला कीं दिवाळीच्या आधीं पुनः सारें घर लिंपून काढतात. मातीचें घर असें दरवर्षीं थोडें झिजतें आणि दरवर्षीं थोडें नवें होतें. सेवाग्रामच्या कुटीही याला अपवाद नाहींत. १९३६ सालीं लिंपलेला पहिला थर केव्हांच पावसाबरोबर वाहून गेला आहे. आज प्रवासी ज्या भिंतीला हात लावतो तिच्यावरचें लिंपण अलीकडच्या कोणाच्या तरी हातांचें आहे. कुटी टिकली ती मातीच्या बळावर नव्हे. तिला दरवर्षीं हात लावणारें कोणीतरी उरलें, म्हणून ती टिकली.

हे हात थांबले म्हणजे काय होतें, याचें एक बोलकें उदाहरण पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला घडलें. तें येथें सांगण्यासारखें आहे. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागांत न्यू मेक्सिको नांवाचें राज्य आहे. तोही मुलूख कोरडा, उन्हाचा आणि झाडांच्या टंचाईचा. तेथें स्पेनमधून आलेल्या वसाहतवाल्यांनीं उन्हांत वाळविलेल्या कच्च्या विटांचीं घरें आणि देवळें बांधलीं. त्या विटेला ते 'अडोबी' म्हणतात. हा शब्द विटेसाठीं असलेल्या 'अत्-तूब' या अरबी शब्दावरून स्पेनच्या भाषेंत गेला आणि तेथून समुद्रापार पोंचला. टाओस नांवाच्या गांवाजवळ रांचोस दे टाओस म्हणून एक जुनी वस्ती आहे. तिच्या चौकांत असिसीच्या संत फ्रान्सिसाचें मातीचें चर्च उभें आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं तें पुरें झालें. त्याच्या मागील बाजूचे मातीचे धीरे इतके भव्य आहेत कीं मोठमोठ्या चित्रकारांनीं आणि छायाचित्रकारांनीं ते पुनः पुनः रेखाटले. ज्या संतानें दारिद्र्याला आपली सहचरी मानलें, त्याचें मंदिर मातीचें असावें हें किती उचित!

या चर्चचें लिंपण दरवर्षीं गांवचे लोक करीत. माती तुडवावी पुरुषांनीं आणि भिंतीवर हात फिरवावा स्त्रियांनीं, अशी तेथें रीत होती. पुढें काळ बदलला. दरवर्षींची ही यातायात कशाला, एकदांच कायमचा बंदोबस्त करूं, असा विचार होऊन १९६७ सालीं त्या भिंतींवर सिमेंटचा कठीण गिलावा चढविण्यांत आला. कांहीं वर्षें सारें ठाकठीक दिसलें. परंतु मातीची भिंत श्वास घेते. जमिनींतली ओल तिच्यांत वर चढते आणि पृष्ठभागांतून उडून जाते. सिमेंटनें हा मार्ग बंद केला. गिलाव्याला पडलेल्या बारीक चिरांतून पाणी आंत शिरूं लागलें आणि बाहेर पडण्यास त्याला वाट उरली नाहीं. बाहेरून भिंत खणखणीत, आणि आंतल्या विटांचा मात्र चिखल होत चाललेला! हें ध्यानांत आल्यावर १९७९ च्या सुमारास गांवकऱ्यांनीं तो सारा गिलावा उतरवून टाकला आणि पुनः मातीचें लिंपण केलें. तेव्हांपासून तेथील लोक, म्हातारेकोतारे आणि मुलेंबाळें, उन्हाळ्यांत एकत्र जमून आपल्या चर्चला दरवर्षीं माती लावतात. यातायात चुकविण्यासाठीं केलेल्या उपायानें घर जावयाची वेळ आली, आणि यातायात परत पत्करली तेव्हां घर वांचलें.

ही गोष्ट ऐकून आपण आपल्या खेड्यांकडे वळलों, तर काय दिसतें? वर्धा जिल्ह्यांतील गांवागांवांतून मातीचीं घरें झपाट्यानें नाहींशीं होत आहेत. सरकारी भाषेंत तीं 'कच्चीं' होत. २०१६ पासून चाललेल्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेचा उद्देशच मुळीं कच्च्या घरांत राहणाऱ्यांस पक्कें घर द्यावें हा आहे. याविषयीं शहरांतल्या माणसानें नाक मुरडणें अन्यायाचें होईल. मातीचें घर दुरून गोड दिसतें. परंतु झडीच्या रात्रीं गळक्या छपराखालीं भांडीं मांडून बसावें लागतें तें त्या घरच्या माणसांस. शेण गोळा करावयाचें, माती वाहावयाची, लिंपावयाचें आणि सारवावयाचें, हा सारा भार वर्षानुवर्षें घरच्या बाईच्या कमरेवर पडत आला. विंचू निघतो तो तिच्याच अंथरुणांत. अशा बाईला पक्कें घर हवेंसें वाटलें तर तिला दोष कोण देईल? गांधीजींनीं मातीचें घर स्वेच्छेनें घेतलें होतें. गरिबाला तें घेण्यावांचून गत्यंतर नव्हतें. या दोहोंत जो भेद आहे तो विसरून चालणार नाहीं.

तरीही एक गोष्ट हातची जात आहे, हें तितकेंच खरें. कोणती माती भिंतीला चालते, कुटार किती घालावें, लिंपण किती दिवस मुरवावें, हें कोणत्याही पुस्तकावरून शिकतां येत नाहीं. तें आजीच्या हातावरून नातीच्या हातावर येतें. आजूबाजूच्या गांवांतलीं सारीं घरें सिमेंटचीं झालीं म्हणजे एक दिवस असा येईल, कीं पंचक्रोशींत मातीचें घर म्हणून फक्त आश्रमाच्या कुटीच उरतील. आणि त्यांच्या भिंतीला भेग पडली, तर ती बुजविणारा माणूस गांवांत सांपडणार नाहीं. मग कोणी तरी टाओसच्या मार्गानें जाऊन सिमेंटची थैली फोडील. संग्रहालयांतली तलवार तेल लावून शंभर वर्षें ठेवतां येते. मातीची भिंत मात्र तिच्या कारागिरासहच राखावी लागते.

यावर विचार करणारे लोक याच जिल्ह्यांत निघाले, ही समाधानाची गोष्ट आहे. वर्ध्याजवळ दत्तपूर येथें, जेथें १९३६ सालीं मनोहर दिवाण यांनीं महारोग्यांसाठीं कुष्ठधाम काढलें, त्याच गांवीं देवेंद्रकुमार यांच्या खटपटीनें १९७६ सालीं स्थापन झालेलें ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र आहे. मातीचें घर अधिक टिकाऊ आणि कमी त्रासाचें कसें होईल, याचा शोध या केंद्रानें घेतला. कुंभाराच्या चाकावर निमुळत्या नळ्या घडवावयाच्या, त्या एकींत एक बसवून कमान रचावयाची, आणि कमानींचें छप्पर करावयाचें, अशी एक रीत या केंद्रानें वापरांत आणली. अशा छपराला लांकडी वासा लागत नाहीं, म्हणजे वाळवीचें मुख्य खाद्यच नाहींसें होतें. आणि कुंभाराला काम मिळतें. तिकडे केरळांत लॉरी बेकर या इंग्रज वास्तुविशारदानें जन्मभर कमी खर्चाचीं आणि जागच्या मालाचीं घरें बांधलीं. आदर्श घर पांच मैलांच्या आंत मिळणाऱ्या वस्तूंनीं बांधावें, हा गांधीजींचा विचार आपल्या मनावर कायमचा ठसला, असें ते सांगत असत. सेवाग्रामच्या मातीचें बीज असें दूरवर जाऊन रुजलें.

प्रवाशाजवळ आणखी एक दिवस असेल तर त्यानें दोन ठिकाणें अवश्य पाहावींत. एक पवनार. धाम नदीच्या कांठावरील या गांवीं विनोबा १९३८ सालीं राहावयास आले. १९४० सालीं वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून ते येथूनच निघाले, आणि १९८२ सालीं येथेंच त्यांनीं देह ठेवला. आश्रमाची जमीन खणतांना तेथें जुन्या कोरीव मूर्ति निघाल्या. त्यांतली राम आणि भरत यांच्या भेटीची मूर्ति प्रसिद्ध आहे. वाकाटकांची प्रवरपूर ही राजधानी ती हीच, असें महामहोपाध्याय मिराशी यांचें मत होतें. दुसरें ठिकाण गोपुरी येथील गीताई मंदिर. विनोबांनीं १९३०-३१ सालीं वर्ध्यास रचलेली गीताई येथें उभ्या शिळांवर कोरलेली आहे. १९८० सालीं उघडलेल्या या मंदिरासही छप्पर नाहीं, मूर्ति नाहीं. शिळांच्या रांगेंतून वाचीत वाचीत चालावयाचें, हीच प्रदक्षिणा. तेथून जवळच जपानी भिक्षु फुजी गुरुजी यांच्या प्रेरणेनें उभा राहिलेला शुभ्र विश्वशांति स्तूप दिसतो.

गीताईच्या शिळा पाहून पुनः कुटीची आठवण करावी. दगड एकदां कोरला कीं तो शतकानुशतकें आपल्या बळावर उभा राहतो. मागून येणाऱ्या पिढ्यांकडे तो कांहीं मागत नाहीं. माती मात्र दरवर्षीं मागते. तिच्या या मागणींतच आश्रमाच्या शिकवणीचें सार आहे. स्वच्छता, सूतकताई, प्रार्थना, रोग्याची सेवा, यांतली कोणतीही गोष्ट एकदां करून संपत नाहीं. ती रोज करावी लागते.

१९३७ सालच्या ऑक्टोबरांत वर्ध्यास जी शिक्षणपरिषद भरली, तिच्यांत हातांच्या कामांतून बुद्धीचें शिक्षण द्यावें असा विचार मांडला गेला. नयी तालीम या नांवानें तो पुढें देशभर गेला. त्या विचारास धरून या जिल्ह्यांतील शाळांस एक गोष्ट सहज करण्यासारखी आहे. दिवाळीच्या सुटीपूर्वीं एक दिवस मुलांनीं गांवांतल्या एखाद्या जाणत्या आजीबाईला शाळेंत बोलवावें. तिच्या देखरेखीखालीं माती निवडावी, तुडवावी, मुरवावी, आणि शाळेच्या आवारांतली एक हातभर भिंत लिंपावी. मुलें आणि मुली दोघांनींही हें करावें, म्हणजे हें काम बाईमाणसाचेंच, हा जुना समजही त्याबरोबर धुऊन जाईल. काळी कां फुगते आणि पांढरी कां फुगत नाहीं, ओल भिंतींत कशी चढते, जाड भिंत गार कां राहते, हें पदार्थविज्ञान मुलें त्या दिवशीं हातांनीं शिकतील. त्यांतल्या प्रत्येकानें मोठेपणीं मातीच्याच घरांत राहावें असा कोणाचा आग्रह नाहीं. मात्र कुटीच्या भिंतीला भेग पडल्यास ती कशी बुजवावी हें ज्यांना ठाऊक आहे, अशीं दहा-वीस माणसें प्रत्येक पिढींत या पंचक्रोशींत असलीं म्हणजे पुरे.

असें मूल मग आईबापांबरोबर सेवाग्रामास येईल, वांकून कुटींत शिरेल, आणि भिंतीवर तळहात ठेवील. लिंपणाचा हात कोठें जड पडला, कोठें हलका पडला, हें त्याला कळेल. बाहेर आल्यावर तें "एवढेंच?" असें विचारणार नाहीं. यंदाचें लिंपण कधीं व्हावयाचें, हें मात्र तें कदाचित् विचारील. आणि त्या वेळीं त्याला तारीख सांगणारें कोणी आश्रमाच्या अंगणांत असलें पाहिजे.